चव बघण्यापुरतं

माणसाला पाणी पाजणं हे एवढं अवघड काम असतं, असं मला कुणी वर्षभरापूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तहान लागते, माणूस पाणी मागतो, आपण देतो. यात शिकण्यासारखं काय आहे? पण झटका आल्यावर बाबांची उजवी बाजू लुळी पडली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं आणि गिळणं बिघडलं. पातळ पाणी तोंडात गेलं की ते अन्नाच्या वाटेऐवजी श्वासाच्या वाटेला लागायचं. दवाखान्यात छातीत कफ भरला होता, तो त्यानेच. त्यामुळे आता त्यांनी जे काही प्यायचं ते एक पांढरी पावडर घालून दाट करून प्यायचं. चमच्याने, थोडं थोडं, हनुवटी खाली घेऊन. आणि कहर म्हणजे त्यांची तहानच मेली होती. दिवसभर थेंब पोटात गेला नाही तरी त्यांना काही वाटायचं नाही.

दवाखान्यात त्यांना नाकातून नळी घातली होती. ती त्यांनी दोनदा उपटली. मग तिथल्या लोकांनी त्यांचा डावा हात, म्हणजे चालणारा एकुलता एक हात, पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधून ठेवला. मी भेटायला गेले की ते आधी त्या पट्टीकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी नर्सशी भांडले, डॉक्टरांशी भांडले, एकदा तर लिफ्टवाल्याशी भांडले, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना. घरी आणलं त्या दिवशी मी बाबांना सांगितलं, "आता पुन्हा कुणाला तुमचा हात बांधू देणार नाही." सांगून बसले खरी.

दर शुक्रवारी दवाखान्याकडून एक बाई तपासायला यायच्या. घसा आणि गिळणं बघणाऱ्या. त्यांचा हुद्दा भलताच लांबलचक होता आणि तो आत्याच्या जिभेवर काही बसेना, म्हणून आत्याने त्यांना 'गिळण्याच्या बाई' करून टाकलं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. मी सकाळी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायला जाते, दुपारी परत येते, आणि मधल्या वेळात बाबा तिच्या ताब्यात असतात.

गिळण्याच्या बाईंनी त्या शुक्रवारी बाबांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसायला वेळ लागला.

"काका वाळत चाललेत," त्या म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा आमचा काचेचा जग उचलला. "रोज हा एवढा जग पोटात गेला पाहिजे. पुढच्या शुक्रवारी असंच दिसलं तर डॉक्टर परत नळी घालायला सांगतील."

"ते नळी ओढतात," मी म्हटलं.

"माहीत आहे. मग हात बांधायला लागेल." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाई वाईट नव्हत्या.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबा खिडकीशी बसून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघत होते. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही, पण डावा हात त्यांनी चादरीखाली नेला.

आता बाबा कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बाबांनी उभा जन्म एका हॉटेलात पेयांच्या काउंटरमागे काढला. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मोठमोठी माणसं दिवसभराची कटकट घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसायची आणि हे त्यांच्यापुढे ग्लास सरकवायचे. तेच सगळं त्यांनी घरी मला शिकवलं. मी सहावी-सातवीत असेन तेव्हापासून. लिंबू कापण्याआधी टेबलावर हाताच्या तळव्याखाली लोळवायचं, म्हणजे रस सुटतो. पिळताना सालीला येऊन थांबायचं, शेवटच्या थेंबाची हाव धरायची नाही, कारण कडूपणा तिथेच असतो. पुदिना चुरगळायचा नाही, दोन तळव्यांत एकदा टाळी वाजवून टाकायचा. गार पेयात गोडी कमी लागते, म्हणून साखरेचा पाक चवीला किंचित जास्त वाटेल इतका. चिमटीच्या टोकाला येईल एवढंच मीठ, तेही ते कळता कामा नये. ग्लास आधी गार करून ठेवायचा. तो खालून धरायचा, जिथे पाहुण्याचे ओठ लागणार तिथे आपलं बोट नाही. आणि ठेवताना आवाज नाही.

दाट पेयांचं शास्त्र मात्र मला नवीन होतं. ते मी गिळण्याच्या बाईंकडून आणि बऱ्याचशा फजितीतून शिकले. पावडर एकदम ओतली की गुठळ्या होतात. ती भुरभुरवायची, ढवळायचं, मग थोडा वेळ निवांत बसू द्यायचं. बर्फ पेयात टाकायचा नाही, तो विरघळतो आणि त्याचं होतं पातळ पाणी, म्हणजे आमच्यासाठी विष. बर्फ वाडग्यात घालून ग्लास त्यात उभा करायचा. सोड्यात पावडर घातली तर सगळं उतू जातं. हे मी अर्धं टेबल पुसून शिकले. पावडरीने चव मरते, म्हणून आंबट जरा चढं ठेवायचं. शिवाय गार आणि आंबट लागलं की घसा जागा होतो, गिळणं सोपं जातं, असं बाई म्हणाल्या होत्या.

तर आम्ही दोघी कामाला लागलो. शनिवारी मी संत्र्याचा रस काढला, दोनदा गाळला, त्यात आल्याचा अर्क टाकला, गार केला, दाट केला. बाबांना टेबलाशी बसवलं. त्यांनी डाव्या हाताने त्यांचा लांब दांड्याचा चमचा उचलला, थोडंसं घेतलं, हनुवटी खाली नेली, गिळलं. मान हलवली. आणि ग्लास टेबलावरून पलीकडे सरकवून दिला.

"दादा, अरे घे ना अजून," आत्या म्हणाली.

बाबांनी ओठ मिटले ते मिटलेच.

"नाही आवडलं," आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, जसं काही मीच गुन्हेगार.

दुसऱ्या दिवशी अननस केला. चमचाभर घेतला, मान हलवली, ग्लास पलीकडे. कलिंगड केलं, बिया वेचून. चमचाभर, मान, पलीकडे. मी फळांच्या दुकानात जाऊन एकेक फळ हुंगून घ्यायला लागले. तो दुकानदार मला पाण्यात बघायला लागला. घरी प्रत्येक वेळी आधीपेक्षा चांगलं, आधीपेक्षा निगुतीने. आत्याने तर एकदा तिची ठेवणीतली इलायची बाहेर काढली, जी ती सख्ख्या भावालाही सहसा दाखवत नाही. चमचाभर, मान, पलीकडे. जग सकाळी भरायचा, बाबा पितील तेवढं पाणी त्यातून काढायचं आणि संध्याकाळी जवळजवळ तसाच मोरीत रिकामा करायचा. बाबांच्या ओठांना भेगा पडल्या. लघवी गडद व्हायला लागली. मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्यावर ओरडले. "काय पाहिजे तुम्हाला? काय पाहिजे ते तरी सांगा!" मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ती पण रडली, आणि मग तिने गॅसवरचं दूध उतू गेलं म्हणून मला झापलं.

बुधवारी दुकानात एका गिऱ्हाइकाने डोकं खाल्लं होतं. चष्मा नाकावरून घसरतो म्हणे. नाक त्याचं, दोष आमचा. मी पायांचे तुकडे पडल्यासारखी घरी आले, कसंतरी लिंबाचं सरबत केलं आणि त्यात साखरेचा पाक घालायलाच विसरले. नुसतं लिंबू, पाणी, मीठ आणि पावडर.

बाबांनी चमचा तोंडात घातला. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी चमचा पुन्हा बुडवला, पुन्हा घेतलं, खात्री करून घेतल्यासारखं.

"नाही," ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात त्यांनी पाकाच्या बाटलीकडे बोट केलं. मी थोडा पाक घातला, ढवळलं. त्यांनी चव बघितली. पुन्हा बोट. पुन्हा घातला. पुन्हा चव. मग म्हणाले, "गार." मी वाडग्यात बर्फ आणून ग्लास त्यात ठेवला. ते थांबले, मग चमचा, मग बर्फात ग्लास नीट फिरवून पुन्हा चमचा. मग मिठाकडे बोट. मग अजून लिंबू. प्रत्येक वेळी आधी एक चमचा आणि नंतर एक चमचा. कपाळाला आठ्या, नजर ग्लासात, चमचा स्थिर. शेवटी त्यांनी मान हलवली, ग्लासाचं बूड फडक्याने पुसलं आणि दोन बोटांनी तो पलीकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर सरकवला.

ग्लास अर्ध्याहून जास्त रिकामा झाला होता.

आत्या दारात ओला फडका घेऊन उभी होती. फडक्यातून पाणी तिच्या पायावर गळत होतं, तिचं लक्ष नव्हतं. "अगं, प्यायला की तो," ती म्हणाली.

मला तेव्हा कळलं. बाबा कधी पीतच नव्हते. काउंटरमागच्या माणसाने चव बघायची, प्यायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला कडक नियम. चुकलं असेल तर दुरुस्त करायचं, पुन्हा चव बघायची. जमलं की पाहुण्यापुढे सरकवायचं आणि त्याला पुन्हा हात लावायचा नाही. घरी चार माणसं आली तरी ते तसंच करायचे. सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात जाऊन साधं पाणी प्यायचे. तहान गेली, बोलणं गेलं, उजवा हात गेला, आणि ही सवय तेवढी जागच्या जागी राहिली होती. टेबलाशी बसवलं की त्यांना तो काउंटर वाटत होता. ते जी मान हलवत होते ती 'पुरे' म्हणून नव्हती. 'छान झालंय' म्हणून होती. आणि आम्ही दोघी शहाण्या, चार दिवस पेय आणखी चांगलं करत सुटलो होतो.

"म्हणजे आता काय," आत्या म्हणाली, "मुद्दाम वाईट करायचं?"

"वाईट करायचं. पण दुरुस्त होईल इतपत वाईट."

हे म्हणण्याइतकं सोपं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी उत्साहाच्या भरात मीठही जास्त घातलं, आलंही जास्त घातलं आणि पुदिना चुरगळून काळा करून टाकला. बाबांनी एक चमचा घेतला आणि ग्लासावर तळवा ठेवला. "फेक." म्हणजे चूक एका वेळी एकच हवी. तीही अशी की लगेच कळेल आणि भर घालून निस्तरता येईल. साखर कमी असेल तर तीनदा-चारदा घालता येते, म्हणजे तितके चमचे पोटात जातात. मीठ जास्त झालं तर रस वाढवायला लागतो, म्हणजे पेयच वाढतं, म्हणजे अजून चव बघायला लागते. ग्लास कोमट ठेवला तर थोडा थोडा गार करत न्यायचा. बाबांनी शिकवलेला एकेक नियम मी आठवायची आणि मोडायची. लिंबू न लोळवता कापायची. पाक न ढवळता तळाशी बसू द्यायची. एकटी पावडरच तेवढी मी जिवापाड नीट घालायची, कारण तिथे चूक म्हणजे छातीत कफ.

शुक्रवारी गिळण्याच्या बाईंनी कातडी चिमटीत धरून सोडली. ती खाली बसली, लगेच नाही पण बसली.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "काय देता यांना?"

"वाईट सरबत," मी म्हटलं.

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनय दाखवते आहे. जाताना दारात म्हणाल्या, "उन्हाचे दिवस आहेत, ढिलाई नको. काठावर आहेत ते. एक दिवस जरी कोरडा गेला तरी पुढच्या वेळी मला वेगळं लिहावं लागेल."

तर आमचं असं महिनाभर चाललं. सकाळी आत्या एक ग्लास बिघडवायची, दुपारपासून मी. बिघडवायला आत्याला तर फार कष्ट पडायचे नाहीत, असं मी म्हटलं तर ती दोन तास बोलली नाही. जग रिकामा व्हायला लागला. मला वाटलं, जिंकलो आपण.

बाबांच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष जायला उशीर झाला.

आधीच्या दिवसांत, म्हणजे ते धडधाकट होते तेव्हा, घरी कुणी आलं की बाबा म्हणायचे, "आज पोरगी करेल." मी करायची. आणि बाबा ते चव न बघता पाहुण्यापुढे ठेवायचे. चव न बघता! हॉटेलातल्या एकाही माणसाचं पेय त्यांनी असं सोडलं नव्हतं. "हिला हात आहे," ते सांगायचे, आणि मी ट्रे घेऊन आत पळायची. मला कुणी आयुष्यात एवढं मोठं काही म्हटलेलं नाही.

आता मी रोज त्यांच्यासमोर बसून लिंबू चुकीचं कापत होते. आधी ते नुसते 'नाही' म्हणायचे आणि बोट दाखवायचे. मग काही दिवसांनी त्यांनी माझ्या हातातलं लिंबू काढून घेतलं, आपल्या डाव्या तळव्याखाली टेबलावर लोळवलं आणि परत दिलं. 'असं.' दुसऱ्या दिवशी मी पुन्हा न लोळवता कापलं. त्यांनी माझा हात धरला, लिंबावर ठेवला, वर आपला हात ठेवला आणि दोन्ही हात मिळून लोळवले. मी तिसऱ्या दिवशी परत विसरल्यासारखं केलं. मग त्यांनी माझी बोटं हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. जणू त्यांत काही बिघडलंय का ते शोधत होते.

"बास कर गं," त्या संध्याकाळी आत्या भांडी विसळता विसळता म्हणाली. "पाण्यावाचून मरणार नाही तो. तुझ्याकडे बघून बघून मरेल."

"मग काय करू? सांगू त्यांना? की बाबा, हे सगळं नाटक आहे, मला सगळं येतं? कळलं की लगेच चमचा खाली ठेवतील. नाटकातलं पेय दुरुस्त कोण करतं?"

आत्याने नळ जोरात सोडला.

पण माझ्याच्याने राहवेना. त्या बुधवारी मी त्यांच्यासमोर संत्र्याचं सरबत केलं, जसं करायचं तसं. गार ग्लास, दोनदा गाळलेला रस, चिमटीच्या टोकाएवढं मीठ. त्यांनी चमचा घेतला, गिळलं, आणि माझ्याकडे बघितलं. तोंडाची जी एक बाजू हसू शकते ती हसली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो थोडा वेळ तसाच ठेवला. मग ग्लासाचं बूड पुसलं आणि तो रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला.

त्यानंतर त्या दिवशी त्यांनी चमचा उचलला नाही. मी लिंबाचं केलं, आंबट ढाण. त्याला हात लावला नाही. काम संपलेल्या माणसासारखे शांत बसून होते. ती एक शाबासकी मी घेतली आणि जग भरलेला राहिला.

गुरुवारी सकाळी आत्याने दुकानात फोन केला. बाबा उठायला तयार नाहीत, हाका मारल्या तर डोळे उघडतात आणि मिटतात, तोंड कोरडं पडलंय, सकाळपासून दोन चमचे. मी चष्म्याची काच तशीच टाकून घरी आले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. बाबांची जीभ चामड्यासारखी दिसत होती. मी त्यांना उचलून टेबलाशी आणलं, एक बिघडवलेला ग्लास पुढे ठेवला. मान छातीवर. मी चमचा ओठांशी नेला, त्यांनी तोंड फिरवलं. कुणी भरवलेलं ते घेतच नाहीत. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी त्यांच्या डाव्या मनगटाकडे बघत बसले आणि मला दुसरं काही सुचेना.

तेवढ्यात बेल वाजली. दारात कप्तानकाका. हॉटेलात वाढप्यांच्या वर जो मुख्य असतो तो कप्तान. काका आणि बाबा एकाच वर्षी कामाला लागलेले. झटका आल्यानंतर ते पहिल्यांदाच येत होते, हिंमत होत नव्हती म्हणाले. तसे ते अजूनही इस्त्रीच्या शर्टात, बटण वरपर्यंत लावलेलं.

"मास्तर," ते टेबलाशी येऊन म्हणाले, "गिऱ्हाईक उभं आहे."

बाबांनी मान वर केली.

मी ते डोळे कधी विसरणार नाही. पलीकडची खुर्ची इतके दिवस रिकामी होती. बाबांनी हात हलवून त्यांना तिथे बसवलं, स्वतः ताठ झाले, चमचा ओढून घेतला. मग माझ्याकडे वळले.

"कर," ते म्हणाले. "ह्याला."

मग कप्तानकाकांकडे बघून म्हणाले, "हिला... हात..." पुढचा शब्द काही येईना. त्यांनी तो दोनदा शोधला. मग सोडून दिला आणि नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

कालचा ग्लास त्यांना आठवत होता. एक चांगला ग्लास, आणि महिनाभराच्या सगळ्या चुका पुसल्या गेल्या होत्या. आता त्यांना तो मित्राला दाखवायचा होता.

"आमच्याकडे सगळं दाटच मिळतं, काका," मी म्हटलं. आवाज कसाबसा सरळ ठेवला.

"हॉटेलात असतं तर आम्ही मेनूत सगळ्यात वर छापलं असतं," कप्तानकाका म्हणाले.

मी लिंबं घेतली. सुरी घेतली. बाबा माझ्या हातांकडे बघत होते. सगळं माहीत होतं मला. लिंबू हातात धरल्या धरल्या तळवा आपोआप टेबलाकडे गेला, लोळवायला. एक ग्लास. दहा मिनिटांचं काम. बाबा चव बघणारही नाहीत कदाचित, तसाच पुढे ठेवतील, पूर्वीसारखा. कप्तानकाका पितील आणि वाहवा म्हणतील, आणि बाबा आयुष्यभर जसे बसले तसे बसतील, ताठ. आणि थेंबही पोटात जाणार नाही. उद्या बाई येतील आणि चिमटीतली कातडी खाली बसणार नाही.

मी तळवा मागे घेतला. लिंबू तसंच कापलं. पिळलं, सालीपाशी थांबले नाही, पिळत राहिले, साल उलटी होईपर्यंत, बोटं दुखेपर्यंत. बी सुद्धा चिरडली. आत्या दारात उभी होती, ती वळून आत निघून गेली.

बाबा थांबले. ग्लास त्यांच्यासमोर होता. मला वाटतं, चव न बघता सरकवायचं त्यांच्या मनात होतं, हात तसा पुढे गेलाही होता. पण त्यांनी माझं पिळणं बघितलं होतं. त्यांनी चमचा बुडवला आणि घेतला.

कडू जहर असणार ते. त्यांनी गिळलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"चालतं हो मास्तर," कप्तानकाका हळूच म्हणाले. "उन्हातून आलोय, काहीही गोड लागेल मला. द्या इकडे."

बाबांनी ग्लास घट्ट धरला. मग ते दुरुस्तीला लागले. मिठाकडे बोट, चमचा. पाकाकडे बोट, चमचा. कडूपणा जाईना. संत्र्याचा रस मागवला. तो घालून ग्लास भरला, तेव्हा दुसरा ग्लास मागवला, अर्धं अर्धं केलं. मी प्रत्येक वेळी पावडर भुरभुरवून, ढवळून, बसू देत होते आणि ते थांबत होते. दोन्हींची चव, पुन्हा दोन्हींची चव. कप्तानकाका खाली मान घालून बसले होते. मित्राला ताटकळत ठेवून बाबा काम करत होते, जे त्यांनी कधी केलं नसेल. मी चमचे मोजत नव्हते, टेबलावरच्या जगाकडे बघत होते. त्यांच्या ओठांवर ओल आली होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी एक ग्लास पुसला आणि मित्रापुढे सरकवला. कप्तानकाका प्याले. छान आहे म्हणाले. बाबांना ते खोटं वाटलं की खरं, कुणास ठाऊक. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि दम घेतला, मोठं ओझं उचलायच्या आधी घेतात तसा.

"हिची... चूक नाही," ते म्हणाले.

कप्तानकाकांनी वर बघितलं.

"मी." बाबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. शब्द एकेक करून ओढून आणत होते. "मी... शिकवलं... नाही. नीट."

झटका आल्यापासून ते एवढं कधी बोलले नव्हते.

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. तळव्याखाली लिंबू, पुदिन्याची टाळी, चिमटीतलं मीठ, गार ग्लास, सगळं. म्हणावंसं वाटत होतं की बाबा, तुम्ही शिकवलंत, मला सगळं येतं, आत्ता दाखवते. कप्तानकाका माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलेन म्हणून.

जगात अजून अर्धं पाणी होतं.

मी दुसरं लिंबू उचललं, न लोळवता कापलं, आणि नवा ग्लास बाबांच्या पुढे ठेवला.

"बाबा," मी म्हटलं, "आता बघा बरं, जमलंय का?"